खोकला रुकडीला उतरायचा

सोल्डरचा धूर नाकात गेला की मला अजूनही बरं वाटतं. ही कबुली आधीच देऊन टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कुणालाही वाटेल की या माणसाला त्या वासाचा तिटकारा असणार. तसं नाही. तापलेल्या टोकाला तार लावली की एक पांढरी रेघ सरळ वर उठते, जरा डोलते आणि विरून जाते. देवघरात धूप घातल्यासारखा वास सुटतो. त्या वासात माझी निम्मी हयात गेली. त्याच वासात माझ्या बायकोचा श्वास जायची वेळ आली होती, आणि तिला तिथं मीच बसवलं होतं.

शिवाजी पेठेत आमचं घर आणि दुकान एकच. पुढच्या खोलीत रेडिओ-टेपरेकॉर्डरची दुरुस्ती आणि सुट्या भागांची विक्री, मधल्या खोलीत लांब टेबल, मागं स्वयंपाकघर. नव्वदच्या दशकात हौसेनं इलेक्ट्रॉनिक्स करणारी माणसं गावात बरीच होती. कुणाला स्वतःच्या हातानं रेडिओ बनवायचा असे, कुणाला दारावर सुरात वाजणारी घंटा. ही माणसं पार्ट घ्यायला येत आणि मग विचारत, "मास्तर, जोडायचं कसं?" म्हणून रविवारी सकाळी मी मधल्या खोलीतलं टेबल सगळ्यांना मोकळं ठेवू लागलो. बँकेतले कारकून येत, वारणानगरच्या डेअरीतले एक फिटर एसटीनं येत, कॉलेजातली दोन-तीन पोरं येत. मी फक्त आयटीआय झालेला, पण त्या टेबलामुळं पेठेत मास्तर झालो.

ज्यांनी हे काम कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सोल्डरची तार म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. तारेच्या पोटात बारीक नळीसारखी राळ भरलेली असते. आयर्न म्हणजे विजेवर तापणारी पेन्सिल समजा. सर्किटच्या बोर्डावरची तांब्याची पट्टी आणि पार्टाचा पाय दोन्ही तापवायचे, तार टेकवायची. राळ आधी वितळून धातूवरचा मळ काढते, मग सोल्डर पाण्यासारखं पसरतं आणि टाका बसतो. नीट बसलेला टाका चकचकीत दिसतो. नीट न बसलेल्याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. तो दिसायला चिकटलेला असतो, पण आतून सुटा. आज चालतो, उद्या दगा देतो.

रविवारच्या मंडळींत सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत हट्टी म्हणजे इराप्पाअण्णा. लक्ष्मीपुरीत त्यांचं भुसाराचं दुकान. घरात कानडी, दुकानात मराठी आणि चिडले की दोन्ही. पन्नाशीनंतर त्यांना रेडिओ बनवायचं वेड लागलं. पहिल्याच रविवारी बघतो तर अण्णांनी सोल्डरची तार दातांत धरलेली, आणि मान खाली-वर करून ते टाके मारतायत.

"अण्णा, तोंडातनं काढा ती तार."

"मग धरू कशानं? एका हातात आयर्न, एका हातात पार्ट. देवानं तिसरा हात दिला न्हाय की मास्तर."

"शिसं आहे त्यात. पोटात जाईल."

"यप्पा, चाळीस वर्षं तंबाखू चघळतोय. तिनं काय केलं न्हाय, ही सुतळीएवढी तार काय करणार?"

दुसऱ्या रविवारपर्यंत मी फळीच्या तुकड्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ठोकून सगळ्यांसाठी तिसरा हात तयार केला. मोरीवर साबणाची वडी ठेवली. हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू देत नसे. शिशाच्या बाबतीत मी इतका कडक होतो, की मंडळी मागं माझी नक्कल करत. याचा मला अभिमान होता, आणि तो चुकीचाही नव्हता. शिसं हातावरून पोटात जातं, हे खरंच आहे. पण धुरात शिसं नसतं. ते उडायला आयर्नच्या कितीतरी पट उष्णता लागते. धूर असतो राळेचा. कुणी डोळे चोळत विचारलं तर मी म्हणायचो, "काळजी करू नका, देवाच्या धुपाचा चुलतभाऊ आहे तो." वाघ कुठून येईल ते बघत मी पुढच्या दाराला कडी लावून बसलो होतो, आणि मागचं दार सताड उघडं होतं.

नुसतं उघडं नव्हतं. मागच्या दाराला मी पाटी लावली होती. त्या पाटीची गोष्ट सांगायला हवी.

आमच्या गल्लीतल्या मंडळानं एका वर्षी गणपतीसमोर पळता घोडा करायचं ठरवलं. प्लायवूडचा घोडा, त्याच्या पायांवर बारीक दिव्यांच्या चार ओळी. ओळी पाठोपाठ पेटल्या की घोडा पळाल्यासारखा दिसतो. ते सर्किट माझ्याकडं आलं. नेहमीप्रमाणं मी शेवटच्या दिवसापर्यंत लांबवलं आणि मग उकाड्यात, टेबलफॅनचा वारा थेट बोर्डावर सोडून, घाईनं टाके मारले. पहिल्याच संध्याकाळी बटण दाबलं. सगळी गल्ली जमलेली. घोडा निघाला, आणि थोड्या वेळानं मंडळातले दत्तू पैलवान माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"मास्तर, घोडं लंगडतंय."

"कुठला पाय?"

"मागला उजवा. नाल मारून आणू, का पांजरपोळात सोडू?"

गल्ली खदखदून हसली. तो पाय मी तिथंच, माणसांच्या गराड्यात, स्टुलावर चढून दुरुस्त केला. ड्राय सोल्डर होतं. पुढं वर्षभर मी "लंगड्या घोड्याचे मास्तर" होतो. खरं कारण साधं होतं. दिव्यांची तार जाड आणि माझं आयर्न हलकं, त्यामुळं तार तापलीच नव्हती. हे मला समजत नव्हतं असं नाही. पण घाई केली हे कबूल करण्यापेक्षा पंख्याला दोष देणं सोपं गेलं. वाऱ्यानं टाका गार पडला, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःलाही पटवलं. ऑइलपेंटनं भिंतीवर लिहिलं: आयर्न गरम, पंखा बंद. टेबलावरची खिडकी बोळात उघडायची, बोर्डावर धूळ बसते म्हणून तीही बंद केली. रविवारच्या मंडळींनी हा नियम वहीत लिहून घेतला.

लग्न होऊन शालन या घरात आली तेव्हा ती पाटी भिंतीवर होतीच.

शालन हातकणंगल्याजवळच्या खेड्यातली. दहावी झालेली, विणकामात हात बसलेला. महिनाभरात तिनं बघून बघून आयर्न धरायला शिकून घेतलं, आणि तिचे टाके माझ्यापेक्षा सुबक निघायला लागले. त्या सुमारास आम्ही पाण्याच्या टाकीचा भोंगा बनवू लागलो होतो. टाकी भरली की तो वाजतो. पेठेत पाणी ठरावीक वेळेला येतं, त्यामुळं तो चांगलाच खपायला लागला. पुढचं गिऱ्हाईक आणि दुरुस्ती मी बघायचो, भोंग्याचे बोर्ड ती करायची. मोठी मागणी आली की मीही तिच्या शेजारी बसायचो. तयार बोर्ड तपासून झाला की ती त्याच्या कोपऱ्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायची. मी माझ्या बोर्डांना काही करत नसे. मास्तरांच्या कामाला खूण कशाला?

तिची नजर जरा अधू. चष्मा लावायचा कंटाळा, म्हणून ती अगदी वाकून काम करायची. धूर सरळ वर जातो, आणि वर तिचं तोंड. हे मी रोज बघत होतो. बघत होतो म्हणजे टाके बघत होतो.

आधी नाक वाहायला लागलं. मग शिंका. मग दुपार कलली की कोरडा खोकला. हळद-दूध झालं, अडुळशाचा काढा झाला. मी फोडणीला दोष दिला, कौलांवरच्या पारव्यांना दिला, माळ्यावरच्या धुळीला दिला. गुऱ्हाळं सुरू झाली की गुऱ्हाळांच्या धुराला दिला, आणि गुऱ्हाळं बंद झाल्यावर विषय बदलला. शालनला हसायची फार हौस. पण आता हसू आलं की मागोमाग खोकला यायचा आणि मग तो थांबायचा नाही. हळूहळू ती हसण्याच्या आधीच थांबायला शिकली. पदर तोंडाला लावायची, डोळ्यांनी हसायची.

माहेरी गेली की मात्र ठणठणीत. दोन-तीन दिवसांत खोकला गायब. परत आली की आठवड्याच्या आत पुन्हा सुरू. आम्ही पॅसेंजरनं जायचो. वाटेत रुकडी स्टेशन लागतं. त्यावरून मी एक विनोद तयार केला होता: "रुकडी आली की हिचा खोकला उतरतो, आणि परत येताना रुकडीलाच चढतो." रविवारच्या मंडळींत सांगितला, मेव्हण्याला सांगितला, घरच्या कार्यात पंगतीत सांगितला. सगळे हसायचे. शालन म्हणायची, "व्हय व्हय, म्या तिकीट काढतो की त्याचं." आमच्याकडच्या बायका बोलताना करतो-जातोच म्हणतात. ती हे म्हणायची आणि तोंडाला पदर लावायची. सासरी काम नको म्हणून खोकला, असाच त्या विनोदाचा अर्थ होता. तो तिलाही कळत होता आणि मलाही.

गल्लीतल्या डॉक्टरांकडं तिला घेऊन गेलो. त्यांनी विचारलं, "बाई काय करतात?"

मी म्हणालो, "काय नाही. घरीच असते."

शालननं माझ्याकडं बघितलं आणि मग स्वतःच्या बोटांकडं. आयर्नच्या चटक्यांचे बारके डाग होते त्यांवर. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी म्हणून औषध दिलं. ते तरी काय करणार? सकाळपासून दिवेलागणीपर्यंत टाके मारणाऱ्या बाईबद्दल तिचा नवरा सांगत होता की ती काय करत नाही. मी खोटं बोललो नव्हतो. बायको घरात करते ते काम, असं मोजायची मला सवयच नव्हती. पुढं त्यांनी तोंडानं औषध ओढायचा पंप सुचवला, तर पंपाची सवय लागते म्हणून त्यालाही मी नको म्हटलं. हेही माझंच.

मग वारणानगरच्या फिटरनी त्यांच्या कॉलनीसाठी एकदम खूप भोंगे मागवले. तीन दिवस आम्ही दोघं सलग टेबलावर. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, दोन आयर्न गरम. तिसरा दिवस रविवारचा होता. इराप्पाअण्णा त्यांचा रेडिओ घेऊन येऊन बसले होते. शालननं आयर्न स्टँडवर ठेवलं आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"अवो," ती म्हणाली. पुढचा शब्द यायला वेळ लागला. "श्वास..."

तिच्या गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. छातीतून शिट्टी वाजत होती, ती मला दोन हातांवरून ऐकू येत होती. ओठांचा रंग बदलत होता. आणि मी, हे लिहायला लाज वाटते, आधी आयर्नचं बटण बंद केलं, मग बोर्ड बाजूला सरकवला.

अण्णा ओरडले, "मास्तर, पार्ट ऱ्हाऊ द्या की. अक्काला उचला."

अण्णांचा पोत्यांचा टेम्पो बोळाच्या तोंडाशी उभा होता. तिला मध्ये बसवून आम्ही दवाखान्यात नेलं. अण्णा सगळ्या वाटेत कानडीत देवाचं नाव घेत होते आणि मराठीत पुढच्या गाड्यांना शिव्या देत होते. शालनचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी तिचे श्वास मोजत होतो. एक गेला की दुसरा येईल ना, एवढंच. आयुष्यात त्यापेक्षा मोठं काही मी मागितलेलं नाही.

वाफेचा मास्क, इंजेक्शनं, सलाइन. दुपारनंतर तिचा रंग परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीच्या डॉक्टरीणबाई आल्या. मध्यमवयीन, कमी बोलणाऱ्या. कागद चाळत त्यांनी विचारलं, "यांना कुठं गेल्यावर बरं वाटतं का?"

भीती गेली की माणूस बडबडतो. मी सवयीनं म्हणालो, "माहेरी. रुकडी आली की हिचा खोकला उतरतो, आणि परत येताना रुकडीलाच चढतो."

कुणी हसलं नाही. बाईंनी कागद खाली ठेवले. "परत सांगा."

मी परत सांगितलं. या वेळी त्यात विनोद सापडेना.

"किती दिवसांत उतरतो? परत आल्यावर किती दिवसांत चढतो?" तेही सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "घरी काय करतात?"

"घरीच अस..."

"त्यांना विचारलंय."

शालननं मास्क बाजूला केला. "टाके मारतो. सोल्डरचे. सकाळपासनं दिवे लागंस्तोवर."

"खिडकी उघडी असते?"

"न्हाय."

"पंखा?"

शालननं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आयर्न गरम असलं की पंखा बंद. तसा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझा."

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की राळेच्या धुरानं काही जणांच्या श्वासनळ्या चिडतात आणि आवळतात. सगळ्यांच्या नाही. ज्यांच्या आवळतात त्यांना तो दमाच. घरापासून लांब गेलं की बरं वाटणं ही त्याची मोठी खूण. म्हणजे दोन वर्षं रोगाचं निदान माझ्या तोंडात होतं, आणि मी ते पंगतीत विनोद म्हणून वाढत होतो.

त्यांनी शालनला माहेरी पाठवलं. बरोबर पंप दिला, आणि फुंकायची एक नळी. नळीत जोरात फुंकलं की काटा सरकतो. लाल पट्टा, पिवळा, हिरवा. सकाळ-संध्याकाळ फुंकायचं आणि कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवायचं. मी दर रविवारी पॅसेंजरनं जाऊन ते आकडे आलेखाच्या कागदावर मांडायचो. बिघडलेल्या सेटमधला सिग्नल आम्ही असाच बघतो. रेघ लालमधून उठली, पिवळ्यात रेंगाळली आणि हिरव्यात जाऊन बसली. इतका सरळ पुरावा मला कुठल्या रेडिओनं कधी दिला नव्हता.

इकडं मी यंत्र करायला घेतलं. पापक्षालनच म्हणा. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, त्याच्या एका तोंडाला जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, आत माशांच्या टाकीत घालतात तो कोळसा. डबा टेबलावर, आयर्नच्या टोकापासून वीतभर. पंखा धूर ओढून घ्यायचा, कोळशातून गाळून मागच्या बाजूनं सोडायचा. टाका मारून बघितला. रेघ वर जायच्या ऐवजी आडवी होऊन डब्यात शिरली. वास अजिबात नाही. मी त्या डब्याकडं बघत बराच वेळ बसलो. मग जाऊन शालनला घेऊन आलो. परतताना रुकडी आली तेव्हा दोघंही खिडकीतून बाहेर बघत होतो. गाडी सुटली. खोकला चढला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा बघितला. "झकास की," म्हणाली. बसली. सगळे मिळून दहा-बारा बोर्ड केले असतील. तासाभरात तिनं हात थांबवला, आणि मला शिट्टी ऐकू आली. पंप लगेच हाताशी होता, त्यामुळं पुढचं टळलं. मी डब्याचा पंखा बंद केला आणि तिला घेऊन पुन्हा दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वास गेला म्हणजे धूर गेला असं नसतं. कोळसा वास धरतो. बारीक कण सुटून खोलीतच परत येतात. बाहेर सोडा तो. पण तोही बाकीच्यांसाठी. यांच्या छातीनं हा धूर ओळखून ठेवलाय. ती आता विसरणार नाही. यांना एवढासाही चालणार नाही."

म्हणजे टेबलच घरातून जायला हवं होतं. ज्या टेबलामुळं मी मास्तर होतो, ते. सांगायला बरं वाटतं, की यावर मी फार विचार केला नाही. दोन गल्ल्या सोडून एका गच्चीवर पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. दत्तू पैलवानांनी आणि अण्णांनी टेबल उचलून नेलं. पैलवान जिन्यात म्हणाले, "घोड्यापेक्षा तबेला जड झालाय ओ." तिथं डब्याला मागून नळी जोडून ती भिंतीतून बाहेर काढली. दोन्ही खिडक्या उघड्या. डोकं धुराच्या वर न्यायचं नाही, बोर्ड पुढं सरकवायचा. घरी यायच्या आधी शर्ट बदलायचा. मधली खोली आम्ही चुन्यानं रंगवून घेतली. पाटी झाकायला चुन्याचे तीन हात लागले. शालन पुढच्या खोलीत गल्ल्यावर बसू लागली, भोंगे तपासून देऊ लागली, आणि वर्षभरात गिऱ्हाइकं माझ्याऐवजी तिला विचारायला लागली. आयर्न मात्र तिनं परत हातात घेतलं नाही. ते तिला आवडत होतं. तिचे टाके सुंदर होते. ते मी तिच्यापासून काढून घेतलं, याचा हिशेब माझ्याकडं उरलेलाच आहे.

आणखी एक उरलं होतं. पाटी भिंतीवरून गेली, पण रविवारच्या मंडळींच्या वह्यांत होती. कोण कुठं गेलं होतं. कुणी पुण्याला, कुणी बेळगावला. त्यांच्या घरच्या टेबलांवर माझ्या शब्दाखातर पंखे बंद असतील, आणि कुणाची तरी शालन शेजारी बसली असेल. मी पत्त्यांची जुनी वही काढली आणि पोस्टकार्डं आणली. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं आली. फिटरनी कळवलं की त्यांनी खिडकीत पंखा बसवला. अण्णा गावातलेच, तरी त्यांनीही कार्ड पाठवलं: "मास्तर, तुमचा नियम मी कधी पाळलाच न्हाय. मला घाम येतोय." दोन कार्डं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. ती माझ्याकडं अजून आहेत. अधूनमधून काढून बघतो.

पण मला सांगायचं आहे ते कार्डं टाकायच्या आधीचं. संध्याकाळची वेळ. मी पहिलं कार्ड लिहून शालनला वाचायला दिलं. त्यात लिहिलं होतं, की वाऱ्यानं टाका कच्चा राहतो हे मी तुम्हाला शिकवलं, ते चूक होतं. माझ्या टेबलावर बायको आजारी पडली. पंखा लावा, खिडकी उघडा, धूर तोंडावर येऊ देऊ नका.

तिनं दोनदा वाचलं. मग म्हणाली, "एक सांगू काय? रागावणार न्हाय न्हवं?"

"सांग."

"तुम्ही माल पोचवायला भाईर गेलासा की मी पंखा लावत हुतो."

मी पेन खाली ठेवलं. "आयर्न गरम असताना?"

"मग गार असताना कशाला लावू? तुमची पाऊलं वाजली की बंद करत हुतो."

"आणि टाके?"

"टाक्यांस्नी काय धाड भरलीया? माझा एक तरी बोर्ड परत आलेला दावा की."

परत आलेल्या मालाचा खोका पलंगाखाली होता. मी तो ओढून बाहेर काढला आणि जमिनीवर उलटा केला. सगळी वर्षं आम्ही त्यात टाकत आलो होतो. ड्राय सोल्डर, ड्राय सोल्डर, ड्राय सोल्डर. एकेक बोर्ड उचलून मी कोपरा बघत गेलो. लाल ठिपका कुठंच नव्हता. सगळा माल मास्तरांचा होता, पंखा बंद ठेवून केलेला.

शेवटचा बोर्ड मी हातात धरून तसाच उकिडवा बसलो होतो. शालन म्हणाली, "लंगडं घोडं."

आणि ती हसायला लागली. माझं तोंड बघून आणखी हसली. भिंतीला टेकली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. पदराकडं हात गेला नाही. मी सवयीनं अंग चोरलं आणि खोकल्याची वाट बघत थांबलो. तिनं मध्ये एकदा दम घेतला, चांगला छातीभरून, आणि पुन्हा हसायला लागली.